कूनहाऊंडच्या स्पर्धेत आपला कुत्रा दुसऱ्यावर जातोय? आधी काय बघायचं, मग काय करायचं

रात्रीच्या कूनहंटमधे झाडाखाली दोन कुत्रे भिडले की मालक हमखास म्हणतो, "अहो अचानकच झालं." अचानक काही होत नाही. ते भांडण बहुतेक वेळा पार्किंगमधे पिकअपच्या मागेच सुरू झालेलं असतं, नाहीतर घरी खायच्या भांड्यापाशी, फक्त दात लागतात ते झाडाखाली. म्हणून या लेखात भांडण सोडवण्यापेक्षा त्याच्या आधीचंच जास्त आहे, सोडवायचं कसं तेही पुढे येईलच.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत, खासकरून ओहायो, इंडियाना, केंटकी, टेनेसी, कॅरोलिना या पट्ट्यात, रकून (डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला, झाडावर चढणारा तिथला निशाचर प्राणी) शोधणाऱ्या कुत्र्यांच्या, म्हणजे कूनहाऊंडच्या, रात्रीच्या स्पर्धा होतात. यूकेसी म्हणजे युनायटेड केनेल क्लब, ही १८९८ सालची संस्था, या स्पर्धा घेते, शिवाय एकेसी (अमेरिकन केनेल क्लब) आणि पीकेसी (प्रोफेशनल केनेल क्लब) पण घेतात. ट्रीइंग वॉकर, ब्लूटिक, रेडबोन, ब्लॅक अँड टॅन, इंग्लिश, प्लॉट या मुख्य जाती. साधारण चार कुत्र्यांचा एक गट करतात त्याला कास्ट म्हणतात. कुत्रे अंधारात जंगलात सोडायचे, कुत्रा वास पकडून भुंकला की मालकाने आवाज ओळखून "स्ट्राइक" म्हणायचं, रकून झाडावर चढला आणि कुत्रा बुंध्याला पाय लावून भुंकायला लागला की "ट्री" म्हणायचं. यूकेसीत पहिल्या स्ट्राइकला १००, मग ७५, ५०, २५. पहिल्या ट्रीला १२५, मग ७५, ५०, २५. झाडावर दिव्याच्या उजेडात रकून दिसला तर पॉइंट मिळतात, नसलाच तर तेच मायनस. रकूनला स्पर्धेत मारत नाहीत, बघतात आणि सोडून पुढे जातात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला त्यामुळे हे सगळं ऐकायला विचित्र वाटतं, पण इकडे अमेरिकेत खेड्यापाड्यात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. आणि इकडच्या शेल्टरमधे कूनहाऊंड भरपूर येतात, त्यामुळे आपल्यातलाही कोणी ना कोणी एक घरी आणतोच आणि मग शेजारी म्हणतो चल की एकदा हंटला, आणि तिथून सुरू होतं.

आता हे पॉइंट मी उगाच नाही सांगितले. झाडावर "ट्री" म्हणून जाहीर केलेला कुत्रा झाड सोडून निघून गेला तर त्याचे ट्रीचे पॉइंट मायनस होतात. म्हणजे बघा, एक दांडगा कुत्रा झाडाखाली गुरगुरून बाकीच्यांना हाकलत असेल तर तो नुसता भांडखोर नाहीये, तो दुसऱ्याचा स्कोअर खातोय. बिचाऱ्या घाबरट कुत्र्याचा मालक लांब अंधारात उभा, त्याला फक्त आवाज येतोय, आणि त्याच्या कुत्र्याचा आवाज बंद पडला की स्कोअरकार्डावर मायनस. म्हणूनच यूकेसीच्या नियमात भांडण करणं आणि भांडणाचा प्रयत्न करणं दोन्हीला स्क्रॅच आहे, म्हणजे कुत्रा त्या कास्टमधून बाद. रक्त येईपर्यंत थांबायची गरज नसते. आणि ज्याच्यावर हल्ला झाला आणि ज्याने फक्त स्वतःला वाचवलं त्याला बाद करायचं नसतं, हे पण लक्षात ठेवा, कारण रात्री दोन वाजता सगळे वैतागलेले असताना "दोघांनाही काढा" म्हणणारा एक तरी निघतोच.

सगळ्यात आधी डॉक्टर

कुत्रा पूर्वी नीट होता आणि आता खेकसायला लागला असेल तर ट्रेनर नंतर, आधी व्हेट. या जातींचे कान लांब आणि लोंबते, आत ओल राहते, इन्फेक्शन होतं आणि ते जबरदस्त दुखतं. दुसऱ्या कुत्र्याचं डोकं कानाला लागलं तरी हा चावणार. दात तुटलेला, कंबर किंवा गुडघा दुखतोय, गोचिडीमुळे होणारे आजार, थायरॉइड, हे सगळं तपासून घ्या. वयस्कर कुत्रा असेल तर नजर आणि ऐकू येणं पण, कारण अंधारात बाजूला कोण आलं ते कळलं नाही की तो दचकून तोंड टाकतो.

नसबंदी केली की भांडणं थांबतात असं बरेच लोक सांगतात. काही नरांमधे फरक पडतो, पण झाड राखायची जी सवय असते तिला त्याने फार काही होत नाही. त्या आशेवर बसू नका.

कुठे होतंय ते पकडा

"माझा कुत्रा अ‍ॅग्रेसिव्ह आहे" या वाक्याचा काही उपयोग नाही. कुठे, कोणावर, कशाच्या आधी, हे पाहिजे. एक साधी वही ठेवा नाहीतर फोनमधे लिहा.

काही कुत्रे गाडीपाशीच बिघडतात. डॉग बॉक्समधे, म्हणजे पिकअपवरच्या कुत्रे न्यायच्या पेटीत, दोन नर एकाच कप्प्यात कोंबलेत, तासभर प्रवास, दार उघडलं की दोघं एकदम बाहेर, आणि खाली तिसरा उभा. काही सोडायच्या वेळी, म्हणजे चार जण पट्टे धरून एका रांगेत उभे, कुत्रे ओढतायत, पट्टा ताणला गेला की छाती पुढे येते आणि समोरच्याला ते आव्हानच वाटतं. ट्रेलवर, म्हणजे वासाच्या मागावर, पळताना भांडणारे फार कमी, कारण नाक कामात असतं. शेकडो वर्षं फॉक्सहाऊंडच्या वंशातले हे कुत्रे एकत्र पळण्यासाठीच निवडत आणलेत, जो टोळीत नीट राहत नाही त्याला लोक पुढे पिल्लांसाठी वापरत नसत. प्लॉट जरा वेगळा, तो नॉर्थ कॅरोलिनातला अस्वल आणि रानडुकराचा कुत्रा, त्याच्यात धग जास्त, पण नीट वाढवलेला प्लॉट पण दुसऱ्या कुत्र्याच्या वाटेला जात नाही.

सगळ्यात जास्त होतं ते झाडाखाली. तिथे कुत्रा तापलेला असतो, रकून वर आहे आणि तो आपला आहे एवढंच त्याला दिसतं. बुंध्याभोवती जागा कमी, त्यात बाजूने दुसरा येऊन खांदा लावतो. काही कुत्रे फक्त पहिला पोचल्यावर भांडतात, काही फक्त त्यांच्याच उंचीच्या नराशी, काही तर इतर कुत्र्यांशी नीट असतात पण मालक जवळ आला की पेटतात, कारण आता मालकाची राखण पण सुरू झाली. यातला तुमचा कोणता ते कळल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

आवाज ऐकायला शिका

अंधारात दिसत नाही पण ऐकू येतं. चांगला ट्री कुत्रा एका लयीत तोडून तोडून भुंकतो, मिनिटाला साठ-सत्तर, काही त्याहून जास्त. दुसरा कुत्रा जवळ येताना ही लय अडखळते. भुंक, भुंक, मग एक गॅप, त्या गॅपमधे खालच्या सुरात घशातून गुरगुर, मग परत भुंक पण आता तोंड वर झाडाकडे नाही, बाजूला. आवाजाची दिशा बदलते, सराव झाला की पन्नास पावलांवरून कळतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकदम शांतता. झाडावर असलेला कुत्रा कारण नसताना गप्प झाला की पाय उचला.

उजेडात बघायला मिळालं तर शेपूट बघा. खुशीतली शेपूट सैल हलते, भांडणातली ताठ वर आणि फक्त टोकाला थरथरते. मानेपासून शेपटीपर्यंत केस उभे. तोंड बंद. नजर एकाच कुत्र्यावर खिळलेली, हाक मारली तर कान पण हलत नाहीत. दुसऱ्याच्या मानेवर हनुवटी टेकवून उभं राहणं हे लोकांना प्रेम वाटतं, ते प्रेम नाहीये.

घरचा अभ्यास

हा भाग कंटाळवाणा आहे आणि लोक नेमका हाच टाळतात. घरात दोन-तीन कुत्रे असतील तर खाणं वेगवेगळ्या जागी, भांडी उचलून ठेवा, हाडं-बिडं सगळ्यांच्या मधे टाकू नका. कुत्री माजावर आली की ती पूर्ण वेगळी, आणि स्पर्धेला तर अशी कुत्री नेऊच नका, यूकेसीच्या हंटमधे चालतच नाही.

मग पट्ट्यावर समांतर चालणं. तुम्ही आणि ओळखीचा एक माणूस, दोघांकडे एकेक कुत्रा, मधे तीस-चाळीस फूट, एकाच दिशेला चाला. समोरासमोर आणायचं नाही, तोंडाला तोंड लावून "ओळख" करून द्यायची नाही. तुमचा कुत्रा दुसऱ्याकडे बघून परत तुमच्याकडे बघितला की लगेच खाऊ. दोन-चार दिवस हे आरामात झालं की अंतर पंधरा फूट, मग आठ. ताणला की अंतर परत वाढवा, रागवायचं काही कारण नाही. सोबत दोन शब्द पक्के करा, एक "सोड" आणि एक "इकडे", आणि हे शब्द आधी अंगणात, मग रस्त्यावर, मग जंगलात दिवसा, मग रात्री. घरात ऐकणारा कुत्रा झाडाखाली ऐकेलच असं धरू नका.

तिसरी गोष्ट बांधून ठेवायची सवय. दोन झाडं निवडा, दोन कुत्रे वेगवेगळ्या झाडाला बांधा, पट्टे पूर्ण ताणले तरी मधे चार-पाच फूट मोकळी जागा उरली पाहिजे, हे पावलांनी मोजून बघा, अंदाजाने नको. मधल्या एखाद्या झाडाला रकूनच्या वासाचं फडकं घासून टांगा. दोघंही तिकडे तोंड करून भुंकायला लागतील, भुंकू द्या, शेजाऱ्याकडे न बघता भुंकणाऱ्याला शाबासकी. पिंजऱ्यातला जिवंत रकून आणून शिकवणं हे काही लोक करतात, काही राज्यांत त्यावर बंदी आहे आणि मला तर ते तसंही पटत नाही, कुत्रा त्याने आणखीनच पेटतो.

शॉक कॉलरबद्दल लोक विचारणारच. माझं मत स्पष्ट आहे, भांडणासाठी वापरू नका. कुत्रा दुसऱ्याकडे बघतोय, त्याच क्षणी मानेला झटका बसला, त्याच्या डोक्यात हिशोब होतो की हा शेजारचा आला की दुखतं. पुढच्या वेळी तो आधीच चावेल. हरणामागे पळणारा कुत्रा थांबवायला लोक ती कॉलर वापरतात तो वेगळा विषय. स्पर्धेत कुठली कॉलर घालता येते, ट्रॅकिंगचं काय, हे त्या त्या संस्थेच्या नियमात वाचून जा, आणि झटका देऊन स्पर्धेत कुत्रा सांभाळता येईल हा विचार डोक्यातून काढून टाका.

जंगलातला सराव

आधी एकटा. कुत्र्याला एकट्याने झाड गाठून, टिकून भुंकायचा आत्मविश्वास यायला हवा, बरीच भांडणं मस्तीतून नाही तर भीतीतून होतात. मग एक शांत, वयाने मोठी, काम येणारी कुत्री सोबत. मग एक नर. मग चौघं. प्रत्येक पायरीला सलग काही रात्री विनातक्रार गेल्या तरच पुढची.

झाडापाशी पोचलात की पळत जाऊन आरडाओरडा नको, तुमच्या उत्साहाने कुत्रा आणखी तापतो. बाजूने चालत जा, त्याला दिसाल असे, नाव घ्या, पट्टा लावा, शांतपणे मागे घ्या आणि दुसऱ्या झाडाला बांधा. ज्याचा कुत्रा जास्त तापट त्याने आधी बांधायचं, हे मालकांनी आपसात आधीच ठरवा. बांधलेल्या कुत्र्याच्या टप्प्यात मोकळा कुत्रा येऊ देऊ नका. पट्टा लोंबकळत ठेवून कुत्रा सोडणं तर अजिबात नको, तो झुडपात अडकतो आणि अडकलेल्या कुत्र्यावर बाकीचे तुटून पडतात.

जेमतेम वर्षाच्या पिल्लाला दांडग्या कुत्र्याबरोबर सोडू नका. एकदा झाडाखाली मार खाल्लेलं पिल्लू पुढे लांबून भुंकायला लागतं, नाहीतर तिथून निघून जाऊन भलत्याच रिकाम्या झाडावर भुंकत बसतं, आणि ते परत बसवायला पुढचा अख्खा सीझन जातो.

स्पर्धेच्या रात्री

क्लबहाऊसपाशी गर्दी असते, गाडी जरा लांब लावा. कुत्र्याला फिरवून, पाणी पाजून परत बॉक्समधे. ओळखीपाळखी तुम्ही करा, कुत्र्यांची नको.

कास्ट ठरली की बाकी हँडलरना, म्हणजे कुत्रे घेऊन आलेल्यांना, सांगा. "माझा झाडावर जरा जागा मागतो" एवढं वाक्य पुरे. यात कमीपणा काही नाही, उलट लोक सावध राहतात आणि तुमच्याबद्दल बरं बोलतात. जो नुसताच जागा मागत नाही, खरंच चावतो, त्याला आणायचाच नाही, हे सांगून टाकण्याने सुटत नाही. आणि तुमच्या कुत्र्याला कोणाची भीती वाटत असेल तर तेही विचारून घ्या, समोरच्याच्या कुत्र्याचं नाव यापूर्वी स्क्रॅचमधे आलंय का हे विचारायला लाजू नका.

सोडताना रांगेच्या टोकाला उभे रहा, शेजारच्यापासून हातभर जास्त अंतर, कुत्रा तुमच्या पायापाशी, पट्टा आखूड पण सैल. सगळ्यांनी एकदम सोडायचं.

खरा धोका पुढे आहे. पहिला कुत्रा "ट्री" झाला की बाकीच्यांना यायला साधारण पाच मिनिटं दिली जातात, मग ते झाड बंद, म्हणजे नंतर आलेल्या कुत्र्याला तिथे "ट्री" म्हणता येत नाही. ही पाच मिनिटं कुत्रे झाडाखाली मोकळे आणि माणसं लांब. इथे फक्त कान कामाला येतात. भांडणाचा आवाज आला की लगेच जजला सांगा, माझा आहे की तुझा आहे ते नंतर बघू. पॉइंटसाठी गप्प बसणारे असतात, त्यांच्याबरोबर पुढच्या वेळी कोणी जात नाही.

कोण आधी अंगावर गेलं यावर वाद होतोच. जज बऱ्याचदा तुमच्यातलाच एक हँडलर असतो, त्यामुळे शांतपणे काय दिसलं तेवढंच सांगा. निर्णय पटला नाही तर कार्डावर प्रश्न नोंदवा आणि परत आल्यावर मास्टर ऑफ हाऊंड्सपुढे, म्हणजे त्या रात्रीच्या हंटच्या मुख्य अधिकाऱ्यापुढे, मांडा, जंगलात हुज्जत घालून काही मिळत नाही. कुत्र्याला लाथ मारणं, मारहाण, हे तर नियमात पण बसत नाही आणि माणुसकीत पण.

जुंपलीच तर

हात तोंडाजवळ नाही. गळ्यातला पट्टा धरायला जाऊ नका, सगळ्यांना तोच मोह होतो आणि सगळ्यांना तिथेच चावा बसतो, स्वतःचाच कुत्रा चावतो, त्याला त्या क्षणी कळत नाही कोणाचा हात आहे.

पहिल्या दोन-तीन सेकंदात आवाज आणि पाणी. जोरात हॉर्न असेल तर वाजवा, बाटलीभर पाणी नाका-तोंडावर मारा. थांबले तर उत्तम. नाही थांबले तर दोन माणसं हवीत, एकेकाने एकेक कुत्रा, दोघांनी एकाच वेळी मागचे दोन्ही पाय मांड्यांपाशी धरून उचलायचे आणि हातगाडी मागे ओढावी तसं मागे, किंचित गोल फिरत, म्हणजे तो वळून तुम्हाला चावू शकत नाही. हाऊंड बहुतेक चावून सोडून परत चावतात, धरून बसत नाहीत, त्यामुळे सुटलेल्या क्षणाला ओढा. दात रुतलेले असताना ओढलं तर कातडी फाटते.

एकटेच असाल तर पट्टा एका कुत्र्याच्या पोटामागून, मांड्यांच्या पुढून घाला, टोक त्याच्याच कडीतून ओवून घट्ट करा, ओढत नेऊन झाडाला बांधा, मग दुसऱ्याला तसंच मागे घ्या. पहिला बांधल्याशिवाय दुसऱ्याला सोडवायला गेलात तर तो परत येतो. मुलं सोबत असतील तर त्यांना आधीच गाडीकडे पाठवा. नंतर दोघांना एकमेकांना दिसणार नाही असं ठेवा, "आता झालं, दोस्ती करा" असलं काही नको.

जखमा

कान फाटला की रक्त भसाभसा येतं, बघून घाबरायला होतं पण ते त्यातल्या त्यात बरं. गॉज दाबा, कान डोक्याला लावून गुंडाळा. त्रास देतात त्या छोट्या भोकासारख्या दिसणाऱ्या जखमा, वरून दाण्याएवढी आणि आत खोल कप्पा, वरचं भोक बंद होतं आणि तीन-चार दिवसांत आत पू भरतो. सलाईनने धुवा, पट्टी सैल ठेवा, घरी टाके किंवा गोंद वगैरे काही लावू नका आणि व्हेटकडे न्या. मान, छाती, पोट यावर दात लागले असतील, हात फिरवल्यावर कातडीखाली कुरकुर हवा लागत असेल, श्वास जोरात असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. माणसांच्या पेनकिलर, आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल, बिलकुल देऊ नका.

रेबीजची लस चालू पाहिजे, अमेरिकेच्या पूर्व भागात रकून हाच रेबीजचा एक मोठा वाहक आहे, आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) पण त्याच्याकडून येतो, मुंबईकरांना लेप्टो वेगळा सांगायला नको. रकूनशीच झटापट झाली असेल तर लस चालू असली तरी व्हेटला कळवा. माणसाला चावा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरकडे, हे आपल्याकडे शाळेतच सांगतात, फक्त इथे रात्री जंगलात ते कोणाला आठवत नाही.

नंतरचा निर्णय

भांडलेल्या कुत्र्याला किमान दोन-तीन आठवडे दुसऱ्या कुत्र्यांबरोबर सोडू नका, मग घरच्या अभ्यासापासून परत. स्क्रॅचची नोंद संस्थेकडे जाते आणि वारंवार झालं तर बंदी येऊ शकते, पण बंदीची वाट बघत बसायचं कशाला. ओळखीच्या कुत्र्यांबरोबरच्या साध्या हंटमधे सुद्धा तो आधी अंगावर जात असेल तर त्याला कास्टमधे नेणं बंद करा. एकट्याने त्याला भरपूर फिरवा, अशा कुत्र्याबरोबर एकट्याने रात्री काढणारे कितीतरी म्हातारे इथे आहेत आणि दोघं मजेत असतात. त्याची पिल्लं मात्र घेऊ नका, टायटल कितीही मोठं असू दे, नाइट चॅम्पियन असो की ग्रँड नाइट चॅम्पियन. आणि विकायचा किंवा कोणाला द्यायचा झाला तर हे सगळं समोरच्याला लेखी सांगून द्या, त्याच्या घरी दुसरा कुत्रा असेल तर देऊच नका.